अकरा फायलींतली माझी कुठली? लिनक्सचं डाउनलोड पान लिहिताना

दोन वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअरच्या डाउनलोड पानावर लिनक्सखाली अकरा फायली होत्या. मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. मोजल्या ताईने.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. हिशेबाला पक्की, संगणकाला न घाबरणारी. तिच्या जुन्या लॅपटॉपवर तिच्या मुलाने लिनक्स मिंट (लिनक्सच्या अनेक अवतारांपैकी, म्हणजे डिस्ट्रोंपैकी, एक) घालून दिलं होतं आणि ध्वनिमुद्रणं कापायचं आमचं छोटं सॉफ्टवेअर तिला हवं होतं. मी शेजारी खुर्ची ओढली आणि तोंड उघडायचं नाही असं स्वतःला बजावलं.

“अगं, अकरा आहेत. यातली माझी कुठली?”

मी गप्प. मग ती एकेक नाव वाचत सुटली. एका नावाच्या शेपटाला ‘एएमडी६४’ होतं. ती फाइल तिने तत्काळ बाद केली, कारण लॅपटॉपवर इंटेलचा स्टिकर होता. नेमकी तीच तिची फाइल होती. पुढे कुठे स्वाक्षरीची फाइल, कुठे अपडेटरची वायएमएल फाइल, असं करत करत ती तळाशी पोचली आणि तिथे तिला पहिला ओळखीचा शब्द भेटला: ‘सोर्स कोड, झिप’. झिप तिला ठाऊक होतं. उतरवली, उघडली, आत फोल्डरांत फोल्डर. “हे चालू कुठून करायचं गं?”

मी प्रोग्रॅमर नाही. आमच्या चारपाच जणांच्या गटात पान सांभाळणं आणि आलेल्या पत्रांना उत्तरं देणं हे माझं काम. तोवर मला वाटायचं की लोक नीट वाचत नाहीत. ताईने प्रत्येक अक्षर वाचलं होतं. अडचण अशी की पान तिला ‘डेब हवं, आरपीएम हवं की ॲपइमेज?’ असं विचारत होतं, म्हणजे फाइलचा प्रकार कुठला हवा ते. हा आमच्या घरातला प्रश्न झाला. तिला उत्तर देता आलं असतं ते ‘तुझ्या पडद्यावर नाव काय दिसतं?’ या प्रश्नाचं.

त्या दिवसानंतर मी पान नव्याने लिहिलं आणि अजून लिहितेच आहे. जे शिकले ते इथे मांडते. तुमचं सॉफ्टवेअर कुठलंही असो, बहुतेक तसंच्या तसं लागू पडेल.

प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर पडद्यावर आहे

तुमचं आत्ताचं पान कागदावर छापून घ्या. वाचणाऱ्याला जिथे जिथे निवड करावी लागते तिथे खूण करा आणि समोर लिहा: हे उत्तर त्याला त्याच्या संगणकावर कुठे सापडेल? जिथे काही लिहिता येत नाही, तो प्रश्न काढून टाका किंवा बदला. आमच्या पानावर अशा सहा खुणा झाल्या होत्या आणि पाचांसमोर जागा कोरी राहिली.

एक गोष्ट मनाशी धरा. ज्यांना लिनक्स मुरलेलं आहे त्यांच्यासाठी हे पान नाहीच. ते पॅकेज मॅनेजरमध्ये (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या लिनक्सच्या स्वतःच्या अवजारात) शोधतात नाहीतर थेट फायलींच्या यादीवर जातात. पानावर थांबून वाचतो तो दुसरा माणूस: कुणीतरी लिनक्स घालून दिलेला, गेल्याच महिन्यात विंडोज सोडलेला, कामाच्या ठिकाणी तसं मशीन मिळालेला, किंवा खेळायला स्टीम डेक हे हातात धरायचं, लिनक्सवरचं मशीन घेऊन आता त्यावर बाकीची कामं करू पाहणारा.

आमच्या पानावर आता सगळ्यात वर एकच ओळ आहे, “तुमच्या संगणकावर यांपैकी काय आहे?”, आणि खाली पाच बटणं. पहिल्यावर उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन, झोरिन ओएस आणि पॉप ओएस अशी पाचही नावं लिहिलेली आहेत. दुसरं फेडोरा. तिसरं ओपनसुसे. चौथं स्टीम डेक. पाचवं “दुसरं काही, किंवा मला ठाऊक नाही”. ‘डेब’ आणि ‘आरपीएम’ हे शब्द बटणाच्या खाली बारीक अक्षरांत आहेत, ज्याला कळतात त्याच्यासाठी.

पहिल्या बटणावर पाच नावं बघून आमच्यातला एक जण म्हणाला, “हे सगळं डेबियनचंच कुटुंब आहे, ‘डेबियनवर आधारित’ लिहू.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण आपलं मिंट डेबियनवर आधारित आहे हे मिंट वापरणाऱ्याला कुणी सांगितलंय? उबंटू डेबियनवर उभं, मिंट उबंटूवर उभं, ही वंशावळ ठाऊक असणारा माणूस बटण न वाचताही योग्य फाइल घेतो. नावं लिहा. जागा लागली तर लागू दे.

फेडोरा आणि ओपनसुसे वेगळे ठेवले तेही मुद्दाम. दोघांच्या फायलींचं शेपूट ‘आरपीएम’च, पण पॅकेज ज्या इतर लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) मागतं त्यांची नावं दोन्हीकडे सारखी असतीलच असं नाही. फेडोरासाठी बांधलेली फाइल ओपनसुसेवर आदळली की जो निरोप येतो तो वाचून माणूस सॉफ्टवेअरच सोडून देतो. दोन्हींसाठी वेगळं बांधत नसाल, तर ओपनसुसेवाल्याला सरळ फ्लॅटपॅककडे, म्हणजे वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणाऱ्या पॅकेजकडे, पाठवा.

बटणांखाली “नाव कुठे पाहायचं?” अशी एक ओळ आणि तीन चित्रं. ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खालचं ‘अबाऊट’, मिंटमधलं ‘सिस्टिम इन्फो’, केडीईमधलं ‘अबाऊट धिस सिस्टिम’. तिन्ही चित्रांत नावाभोवती लाल गोल. फार देखणं नाही, पण हे चित्र टाकल्यापासून “माझ्याकडे कुठलं लिनक्स आहे?” असं विचारणारी पत्रं जवळपास थांबली. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडता येणाऱ्यासाठी आणखी एक वाट आहे: ‘इटीसी’ फोल्डरमधली ‘ओएस-रिलीज’ ही फाइल. जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत ती असते आणि नाव-आवृत्ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते. पत्रव्यवहारात मी पहिल्यांदा तिचाच मजकूर मागते.

आकड्यांचा सापळा

आमच्या जुन्या पानावर “उबंटू २२.०४ किंवा पुढचं” असं लिहिलं होतं. मिंट २१ वापरणाऱ्या एका गृहस्थांनी कळवलं की त्यांचं मशीन जुनं पडलं असावं, कारण २१ हे २२.०४ पेक्षा कमी आहे. त्यांचं गणित बरोबर होतं! मिंट २१ हे उबंटू २२.०४ वरच उभं आहे आणि मिंट २२ हे २४.०४ वर, पण हे त्यांनी कुठून जाणावं? डेबियन १२ वाल्याला तर आपण दहा पिढ्या मागे आहोत असंच वाटेल.

म्हणून प्रत्येक नावापुढे त्याचा स्वतःचा आकडा द्या: उबंटू २२.०४ किंवा नंतरचं, मिंट २१ किंवा नंतरचं, डेबियन १२ किंवा नंतरचं. मिंटमध्ये एक खोच आहे. ‘एलएमडीई’ नावाचं मिंटचं भावंड थेट डेबियनवर बेतलेलं आहे आणि त्याचे आकडे अगदी लहान; एलएमडीई ६ म्हणजे डेबियन १२. त्याचीही अर्धी ओळ टाका.

हा किमान आकडा मनाने ठरवायचा नसतो. तो ठरतो तुमचे प्रोग्रॅमर सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर बांधतात त्यावर. लिनक्समधले बहुतेक प्रोग्रॅम ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीवर टेकलेले असतात. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट मात्र होईलच असं नाही. उबंटू २०.०४ मध्ये ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि उबंटू २४.०४ मध्ये २.३९. कुणी हौसेने आपल्या नव्याकोऱ्या २४.०४ वर बांधून फाइल चढवली, तर डेबियन १२ वाल्याकडे ‘जीलिबसी २.३९ सापडत नाही’ अशा अर्थाची तक्रार उमटू शकते आणि ती पत्र होऊन माझ्याकडे येते. पान लिहिणाऱ्याने बांधणाऱ्याला हा एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा: कशावर बांधलंस?

ब्राउझर सांगतो त्यावर फार विसंबू नका

“वापरणारा लिनक्सवर आहे हे ब्राउझरच सांगतो, मग विचारायचं कशाला?” हे मला दर सहा महिन्यांनी कुणीतरी ऐकवतं. ब्राउझर सांगतो, पण अर्धवट. अँड्रॉइडवरचा क्रोम आपल्या ओळखीच्या ओळीत ‘लिनक्स’ हा शब्दही लिहितो. नुसता तो शब्द शोधून बटण दाखवलंत, तर फोनवरून आलेल्या माणसाला डेब फाइल मिळते. आमच्याकडे हे कित्येक महिने चाललं होतं. आधी अँड्रॉइड तपासा, मग क्रोमबुक, मग लिनक्स.

डिस्ट्रो कुठली ते तर ब्राउझरकडून भरवशाने कळतच नाही. आणि क्रोमने ही ओळख आखडती घेतल्यापासून लिनक्सवर तो मशीन कुठलंही असो ‘एक्स८६-६४’ (इंटेल-एएमडी प्रोसेसरची जात) असंच लिहितो, म्हणजे एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं मशीनही तसंच दिसतं. तेव्हा ओळख पटली तर लिनक्सचा विभाग वर आणा, एवढंच. बाकीच्या प्रणाली लपवू नका. विंडोजवर बसून लिनक्सच्या मशीनसाठी फाइल उतरवणारी माणसं पुष्कळ असतात.

इंटेल असूनही एएमडी

ताईच्या स्टिकरकडे परत येऊ. ६४ बिटांचा हा विस्तार आधी एएमडीने आणला, २००३ मध्ये ऑप्टेरॉन प्रोसेसरसह. इंटेलने तोच २००४ मध्ये आपल्या प्रोसेसरांत घेतला. डेबियनने आपल्या पॅकेजांसाठी एएमडी६४ हे नाव घेतलं आणि ते चिकटलं. आरपीएमच्या जगात त्याच गोष्टीला एक्स८६-६४ म्हणतात. तसंच एआरएम६४ आणि एआर्च६४ हे एकच.

फायलींची नावं बदलू नका. त्या नावांवर अवजारं चालतात. बटणावरचं लिखाण मात्र तुमच्या हातात आहे. आम्ही लिहितो: “नेहमीचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, इंटेल असो वा एएमडी”. त्याखाली लहान दुवा: “रास्पबेरी पाय किंवा इतर एआरएम मशीन”. ३२ बिटांची फाइल देत नसाल तर तसं एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर जुनी मशीनं घेऊन लोक आशेने ताटकळतात.

बटण दाबल्यानंतर

बहुतेक पानं इथे संपतात. माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं इथून सुरू होतात.

बटण दाबताच आमचं पान दुसऱ्या पानावर नेतं आणि फाइल उतरायला लागते. तिथे फक्त त्या माणसाने निवडलेल्या डिस्ट्रोच्या पायऱ्या असतात, बाकी कुणाच्या नाहीत. आधी सगळ्यांच्या पायऱ्या एकाखाली एक होत्या, तेव्हा मिंटवाले उत्साहाने फेडोराच्याही कमांड चालवून बघायचे.

पहिली वाट दुहेरी क्लिकची. मिंटवर डेब फाइलवर दुहेरी क्लिक केलं की बसवणारी खिडकी उघडते, पासवर्ड मागते, काम संपतं. उबंटूवर मात्र सांभाळून लिहा. २४.०४ आलं तेव्हा त्याच्या नव्या ॲप सेंटरमधून बाहेरून उतरवलेली डेब फाइल बसवताच येत नव्हती. ती सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली. म्हणून उबंटूच्या पायऱ्यांत दुहेरी क्लिक आणि टर्मिनल, दोन्ही ठेवा.

टर्मिनलची पायरी लिहिताना मी खालच्या सगळ्या चुका केलेल्या आहेत.

कमांडच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह देऊ नका. जाणकाराला ते नुसतं टर्मिनलचं प्रॉम्प्ट वाटतं, नवखा त्यासकट कॉपी करतो आणि ‘कमांड सापडली नाही’ वाचतो. शेजारी कॉपीचं बटण द्या आणि खाली लिहा की टर्मिनलमध्ये चिकटवायला कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबावं लागतं.

डेब फाइल बसवायला ‘डीपीकेजी’ची कमांड देऊ नका. ती फाइल बसवते, पण फाइलला लागणाऱ्या बाकीच्या लायब्रऱ्या आणत नाही. अर्धवट बसवून ठेवते आणि मग ‘एपीटी’ या पॅकेज मॅनेजरला येऊन निस्तरावं लागतं. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ द्या, आणि फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका. ती दोन अक्षरं नसली तर एपीटी ते फाइलचं नाव आहे असं धरतच नाही. त्या नावाचं पॅकेज रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात, शोधतं आणि सापडत नाही म्हणतं. फाइल डोळ्यांसमोर आणि संगणक म्हणतो सापडत नाही! माणूस आधी स्वतःला वेड्यात काढतो, मग आपल्याला.

‘आधी डाउनलोड्स फोल्डरमध्ये जा’ म्हणून कमांड लिहिली होती, तीही चुकली. ज्यांचा डेस्कटॉप इंग्रजीत नाही त्यांच्याकडे त्या फोल्डरचं नावच वेगळं असू शकतं. आता आम्ही लिहितो: फाइल जिथे उतरली ते फोल्डर उघडा, रिकाम्या जागी उजवं क्लिक करा, ‘ओपन इन टर्मिनल’ निवडा. आणि फाइल दोनदा उतरवली असेल तर ब्राउझर नावात कंसात १ घालतो, मग आपली तयार कमांड एकतर जुनी फाइल उचलते नाहीतर त्या कंसापाशी अडखळते. जुनी फाइल आधी काढून टाकायला सांगा.

पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. हे ठळक अक्षरांत लिहा. “कीबोर्ड बंद पडलाय” असं सांगणारं पत्र मला एकदा नाही, अनेकदा आलेलं आहे.

आणि काम नीट झाल्यावरही एपीटी कधीकधी शेवटी एक घाबरवणारी टीप देतं: ‘अंडरस्कोर एपीटी’ नावाच्या वापरकर्त्याला फाइल वाचता आली नाही, परवानगी नाकारली, १३. फाइल घरच्या फोल्डरमध्ये असली की हे होतं आणि त्याने काही बिघडत नाही. पायऱ्यांच्या शेवटी एवढंच लिहा: “अशी टीप दिसली तर सोडून द्या, सॉफ्टवेअर बसलेलं आहे.” या एका वाक्याने माझा जेवढा वेळ वाचला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

कमांडमधल्या फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा येतो. तो हाताने लिहू नका, नवी आवृत्ती निघाली की आपोआप बदलेल अशी सोय करून घ्या. आमचं पान तीन आवृत्त्या पुढे गेलं तरी कमांड पहिल्याच आकड्यावर बसली होती, आणि ती मीच लिहिली होती.

“मला ठाऊक नाही” या बटणामागे काय ठेवायचं

यावर आमच्यात भांडणं झाली. एक बाजू ॲपइमेजची, दुसरी फ्लॅटपॅकची.

ॲपइमेज ऐकायला सोपं: एक फाइल, बसवायचं काही नाही, उघडा आणि वापरा. प्रत्यक्षात ताईने दुहेरी क्लिक केलं आणि काहीच झालं नाही, कारण उतरलेल्या फाइलला चालण्याची परवानगी नसते. उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, तिथे ‘प्रोग्रॅम म्हणून चालू द्या’ अशा अर्थाची खूण. हे चित्रासकट दाखवावं लागतं. दुसरी अडचण फ्यूजची, म्हणजे ॲपइमेज उघडायला लागणाऱ्या सोयीची. उबंटू २२.०४ पासून ‘लिबफ्यूज२’ ही लायब्ररी आधीपासून बसवलेली नसते आणि तिच्यावाचून बऱ्याच ॲपइमेज उघडत नाहीत. दुहेरी क्लिक केलेल्या माणसाला त्रुटीचा निरोपही दिसत नाही. २४.०४ मध्ये त्या पॅकेजचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ झालं आहे, म्हणजे जुनी सूचनाही पुरत नाही. इथे एक धोका आवर्जून लिहा: नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज बसवू नका. नव्या उबंटूत ते ‘फ्यूज३’ला बाहेर काढतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे महत्त्वाचे भागही जाऊ शकतात. नव्या स्टॅटिक रनटाइमने (लागणारे भाग स्वतःतच घेऊन येणाऱ्या) बांधलेल्या ॲपइमेजला लिबफ्यूज२ लागतच नाही, तेव्हा पान सजवण्याआधी बांधणाऱ्याच्या मागे लागा.

इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायच्या साधनावर) बेतलेल्या सॉफ्टवेअरची तिसरीच कथा. उबंटू २४.०४ ने सुरक्षेसाठी काही निर्बंध घातले आणि अशा कित्येक ॲपइमेज सँडबॉक्सच्या (सॉफ्टवेअरला बंदिस्त ठेवणाऱ्या सुरक्षा-कुंपणाच्या) तक्रारीने थांबू लागल्या. सँडबॉक्सच बंद करून चालवा, असा सल्ला जागोजागी मिळतो. अनोळखी माणसाला तुमच्या अधिकृत पानावरून तो सल्ला देऊ नका. त्याला डेब किंवा फ्लॅटपॅककडे वळवा.

फ्लॅटपॅकच्या बाजूने माझं मत पडलं. फेडोरा आणि मिंटमध्ये ते आधीपासून असतं, अपडेट आपोआप मिळतात, आणि स्टीम डेकवर तर हीच रुळलेली वाट आहे: तिथली मूळ प्रणाली फक्त वाचनापुरती ठेवलेली असते, डेस्कटॉप मोडमधल्या ‘डिस्कव्हर’मध्ये सॉफ्टवेअरचं नाव शोधलं की झालं. उबंटूवर मात्र फ्लॅटपॅक आयतं नसतं, म्हणून उबंटूवाल्याला डेबच द्यावी. दोन गोष्टी आधीच सांगा. पहिल्यांदा बसवताना सॉफ्टवेअर चिमुकलं असलं तरी सोबत मोठं रनटाइम (ते चालायला लागणारा पाया) उतरतं; नाही सांगितलं तर “तुमचं सॉफ्टवेअर इतकं अवजड का?” हे ऐकावं लागतं. आणि फ्लॅटपॅकमधल्या सॉफ्टवेअरला सगळी फोल्डरं दिसतातच असं नाही. पेनड्राइव्हवरच्या फायली आमच्या खिडकीत दिसेनात तेव्हा लोकांना त्या पुसल्या गेल्या असंच वाटलं.

स्नॅप हा उबंटूचा पॅकेजप्रकार देत असाल तर तो उबंटूच्या पायऱ्यांत ठेवा. मिंटने २०२० मधल्या मिंट २० पासून स्नॅप बंद ठेवलेला आहे. मिंटच्या पानावर स्नॅपची कमांड दिली तर ती चालणार नाही.

अपडेट, रिपॉझिटरी आणि ती एक ओळीची कमांड

सुटी डेब फाइल बसवली की नवी आवृत्ती आपोआप येत नाही, जोवर पॅकेजने स्वतःची रिपॉझिटरी जोडलेली नसते. पानावर हे एका वाक्यात लिहा, होकारार्थी किंवा नकारार्थी: “अपडेट आपोआप येतील” किंवा “नवी आवृत्ती आली की इथून पुन्हा उतरवावी लागेल”.

रिपॉझिटरी जोडायच्या पायऱ्या जुन्या झाल्या असतील तर बदला. ‘एपीटी-की’ची पद्धत मोडीत निघाली आहे. आता (रिपॉझिटरीची स्वाक्षरी तपासायची) चावी वेगळ्या कीरिंग फोल्डरमध्ये ठेवून फक्त त्याच रिपॉझिटरीशी बांधतात. आणि इंटरनेटवरची स्क्रिप्ट थेट प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी ती प्रसिद्ध एक ओळ पहिला पर्याय म्हणून देऊ नका. चालते झकास. पण ज्या माणसाला ती वाचता येत नाही, त्याला न वाचता चालवायची सवय आपण लावतो.

चेकसमचं, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याचं, थोडक्यात. ते ठेवा, पण बटणाच्या शेजारी नको. ६४ अक्षरांची ती माळ बघून नवख्याला वाटतं की हा पासवर्ड कुठेतरी टाकायचा आहे. शिवाय त्याच पानावरचा चेकसम फाइल नीट उतरली का एवढंच सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचे दुवे बिघडवलेल्या आयएसओकडे (प्रणाली बसवायच्या फाइलकडे) वळवले गेले. ज्याच्या हाती दुवा बदलणं आहे त्याच्या हाती शेजारचा आकडा बदलणंही असतं. ज्याला खरी खात्री हवी त्याच्यासाठी स्वाक्षरी तपासण्याचं वेगळं पान करा.

सोर्स कोडचा सापळा

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या रिलीझ पानाखाली ‘सोर्स कोड’च्या दोन फायली आपोआप लागतात आणि त्या काढता येत नाहीत. स्वाक्षऱ्या, चेकसम, अपडेटरच्या फायली, सगळ्या एकाच रांगेत. तेव्हा डाउनलोडचं बटण त्या यादीकडे नेऊ नका, थेट फाइलकडे न्या. यादीचा दुवा तळाशी, “सगळ्या फायली आणि जुन्या आवृत्त्या” या नावाने. रिलीझच्या टिपणाच्या पहिल्याच ओळीत “सॉफ्टवेअर हवं असेल तर इथे जा” असा दुवा द्या, कारण शोधयंत्रं लोकांना तुमच्या पानाऐवजी बऱ्याचदा तिथेच आणून सोडतात.

पान तयार झालं की कुणालातरी शेजारी बसवा आणि गप्प बसा. पाच मिनिटंसुद्धा फार जड जातात. नव्या पानावर मी ताईलाच पुन्हा बसवलं. नाव तिने स्वतः शोधलं, फाइल बरोबर घेतली, पासवर्ड न उमटण्याची ओळ वाचून “बरं झालं लिहिलंस” म्हणाली. सॉफ्टवेअर उघडलं. मग तिने विचारलं, “आणि नको झालं तर काढायचं कसं?”

हे पानावर नव्हतं. डाउनलोड्समधली फाइल पुसली की सॉफ्टवेअर गेलं, असं तिला वाटत होतं. आता प्रत्येक डिस्ट्रोच्या पायऱ्यांखाली ‘काढून टाकायचं असेल तर’ असा भाग आहे: आधी मेनूतून कसं काढायचं ते, मग कमांड. तिथे फाइलचं पूर्ण नाव चालत नाही, फक्त पॅकेजचं नाव लागतं, आवृत्ती आणि एएमडी६४ वगळून. ॲपइमेजच्या पायऱ्यांखाली मात्र लिहिलंय की फाइल पुसली की झालं, सेटिंग्ज तेवढ्या घरच्या फोल्डरमध्ये मागे राहतात.